शेतयंत्रांची साखळी-चक्रे : निवड, मोजमाप आणि नवीन चक्र घडवून घेण्याची पद्धत



शेतीकामात पॉवर टिलर, रोटाव्हेटर, टोकण यंत्र, मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारी कोळपणी यंत्रे आणि कापणी-मळणी यंत्रे यांचा वापर आता सर्वत्र होऊ लागला आहे. या बहुतेक यंत्रांत इंजिनाची शक्ती चाकापर्यंत किंवा अवजारापर्यंत पोहोचविण्याचे काम कोठे ना कोठे साखळी करते. ज्या दातेरी चक्रांवरून ही साखळी फिरते त्यांना स्प्रॉकेट म्हणतात. गावाकडील गॅरेजमध्ये त्यालाच 'चेन पॉकेट' असेही म्हटले जाते. या लेखात सोयीसाठी त्यास आपण 'चक्र' असे म्हणू.

हे चक्र दिसायला साधे असले तरी ऐन हंगामात ते झिजले किंवा त्याचे दाते तुटले तर संपूर्ण यंत्र उभे राहते. पेरणीयोग्य वाफसा जमिनीत फार दिवस टिकत नाही. चार दिवस यंत्र बंद राहिले तर पेरणी लांबते आणि त्याची भरपाई पुढे कोणत्याही खताने होत नाही. जुन्या यंत्राचे चक्र बाजारात सहज मिळत नाही. मग शेतकरी झिजलेले चक्र घेऊन लेथवर जातो, 'अगदी असेच करून द्या' असे सांगतो आणि कारागीर त्या झिजलेल्या दात्यांचा छाप घेऊन नवे चक्र कापतो. येथेच नुकसान होते. झिजलेल्या दात्यांवरून कापलेले नवे चक्र हे पहिल्या दिवसापासून झिजलेलेच असते. त्यावर नवी साखळी बसत नाही, आणि बसली तरी टिकत नाही. म्हणून चक्र घडवून घेताना नमुन्यावर विसंबून न राहता मापे द्यावीत. ती मापे कशी घ्यावीत, चक्र कशाचे आणि कसे बनवावे, व बसविताना कोणती काळजी घ्यावी याची माहिती या लेखात दिली आहे.

साखळी आणि चक्र कसे झिजतात?

साखळीच्या एका पिनेच्या मध्यापासून शेजारच्या पिनेच्या मध्यापर्यंतच्या अंतरास पीच म्हणतात. चक्राचे दाते याच अंतरावर कापलेले असतात. त्यामुळे साखळीचा प्रत्येक रोळ दोन दात्यांमधील खोबणीत नीट बसतो आणि ओढ अनेक दात्यांवर वाटली जाते.

काम करताना पिन आणि बुश एकमेकांवर घासतात. माती व धूळ आत गेली की ही झीज वाढते. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज होऊन साखळी एकूण लांब होते. वास्तविक पत्र्याच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, सांधे सैल होतात. पीच वाढला की रोळ खोबणीच्या तळाशी न बसता दात्याच्या उतारावर वर चढून बसतो. सर्व ओढ एक-दोन दात्यांवर येते आणि ते दाते एका बाजूने कोरले जाऊन वाघनखासारखे वाकडे होतात. याचा अर्थ लांबलेली साखळी चक्र खाते. त्याचप्रमाणे झिजलेले चक्र नवी साखळी खाते. म्हणून साखळी व दोन्ही चक्रे हा एक संच समजावा. तिन्हींपैकी एकच बदलून पैसे वाचविण्याचा प्रयत्न बहुधा महाग पडतो.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

१) साखळी स्वच्छ करून सपाट जागी ताणून ठेवावी आणि पोलादी पट्टीने मोजावी. १२.७ मि.मी. पीचच्या साखळीचे २४ पीच, १९.०५ मि.मी. पीचचे १६ पीच आणि २५.४ मि.मी. पीचचे १२ पीच यांची लांबी नवेपणी बरोबर ३०४.८ मि.मी., म्हणजे १२ इंच भरते. ती ३११ मि.मी. भरू लागली तर साखळी २ टक्के लांबली असे समजून बदलावी. १५.८७५ मि.मी. पीचच्या साखळीचे १६ पीच नवेपणी २५४ मि.मी. भरतात. तेथे २५९ मि.मी. ही मर्यादा धरावी.

२) साखळी चक्रावर असताना मोठ्या चक्राच्या वेढ्याच्या मध्यभागी ती बोटाने बाहेर ओढून पाहावी. दात्याचा निम्म्याहून अधिक भाग उघडा पडत असेल तर साखळी किंवा चक्र, बहुधा दोन्ही, झिजलेले आहे.

३) दात्यांच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहावे. एकीकडून कोर पडली असेल, टोके धारदार झाली असतील किंवा दात्याच्या बाजूचा पृष्ठभाग चकाकत असेल तर ते चक्र बदलावे. बाजूची चकाकी हे दोन चक्रे एका रेषेत नसल्याचेही लक्षण आहे.

ही तपासणी यंत्र पूर्ण बंद करून व इंजिनाचे प्लग किंवा बॅटरीची तार काढूनच करावी. डिझेल इंजिन असल्यास इंधन बंद करून यंत्र गिअरमधून काढावे. साखळीत बोटे सापडून तुटण्याचे अपघात बहुधा हाताने चाक फिरवून तपासताना किंवा चालू यंत्रात तेल टाकताना होतात.

चक्र मागविण्यापूर्वी घ्यावयाची मापे

नवीन चक्रासाठी पुढील सहा गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

पहिली, पीच. एक कडी मोजू नये. १० ते २० पीचची एकत्र लांबी मोजून त्या संख्येने भागावे. साखळी जुनी असल्यास उत्तर थोडे अधिक येईल. त्याच्या लगतचा लहान प्रमाण पीच खरा समजावा. उदाहरणार्थ, २० पीचची लांबी ३८७ मि.मी. भरली तर एक पीच १९.३५ मि.मी. येतो. खरा पीच १९.०५ आहे आणि साखळी दीड टक्क्याहून अधिक लांबली आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरी, रोळाचा व्यास आणि तिसरी, आतील रुंदी, म्हणजे दोन आतल्या पट्ट्यांमधील मोकळी जागा. ही दोन्ही मापे व्हर्निअरने घ्यावीत. पीच सारखा असूनही या दोन मापांत फरक असणाऱ्या साखळ्या बाजारात आहेत, आणि घोटाळा येथेच होतो. नेहमी लागणाऱ्या साखळ्यांची मापे पुढे दिली आहेत (सर्व मि.मी.मध्ये).

०८ बी : पीच १२.७०, रोळ ८.५१, आतील रुंदी ७.७५, चक्राच्या दात्याची जाडी ७.२
१० बी : पीच १५.८७५, रोळ १०.१६, आतील रुंदी ९.६५, दात्याची जाडी ९.१
१२ बी : पीच १९.०५, रोळ १२.०७, आतील रुंदी ११.६८, दात्याची जाडी ११.१
१६ बी : पीच २५.४०, रोळ १५.८८, आतील रुंदी १७.०२, दात्याची जाडी १६.२

या युरोपीय प्रमाणाच्या साखळ्या आहेत. अमेरिकी प्रमाणाच्या ४०, ५०, ६० व ८० क्रमांकाच्या साखळ्यांचे पीच अनुक्रमे हेच असले तरी इतर मापे वेगळी आहेत. उदाहरणार्थ, ४० क्रमांकाचा रोळ ७.९२ मि.मी. आहे. त्या मापाच्या खोबणीत ०८ बीचा ८.५१ मि.मी.चा रोळ तळाला टेकत नाही. ८० क्रमांकाच्या साखळीची आतील रुंदी १५.७५ मि.मी. आहे. तिच्यात १६ बीसाठी बनविलेला १६.२ मि.मी. जाडीचा दाता शिरणारच नाही.

मोटारसायकलच्या साखळ्यांवर ४२८, ५२०, ५३० असे क्रमांक असतात. यातील पहिला आकडा पीच किती अष्टमांश इंच आहे ते सांगतो. ४ म्हणजे अर्धा इंच, ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच. ५२० व ५३० या दोहोंचा पीच व रोळ एकच असला तरी आतील रुंदी अनुक्रमे ६.३५ व ९.५३ मि.मी. आहे. म्हणून '५ नंबरची चेन आहे' एवढेच सांगून भागत नाही. कापणी यंत्रातील काही साखळ्या खास शेतीसाठीच्या असतात. सीए ५५० या साखळीचा पीच ४१.४ मि.मी. आहे. ती वरील कोणत्याही चक्रावर चालत नाही.

चौथी, दातसंख्या. एका दात्यावर खडूने खूण करून दोनदा मोजावी. तुटलेले दाते धरून मोजावे.

पाचवी, शाफ्टचा व्यास आणि चावीची खाच. शाफ्ट ज्या ठिकाणी झिजलेला नाही तेथे मोजावा. प्रमाण चावीचे माप शाफ्टवर ठरते. २२ ते ३० मि.मी. शाफ्टला ८ मि.मी. रुंद, ३० ते ३८ ला १० मि.मी. आणि ३८ ते ४४ ला १२ मि.मी. रुंद चावी वापरतात. शाफ्टवर स्प्लाइन असल्यास त्यांची संख्या, बाहेरील व आतील व्यास लिहावा. चक्र बोल्टने बसत असेल तर बोल्टची संख्या, भोकाचा व्यास व भोकांच्या वर्तुळाचा व्यास द्यावा.

सहावी, हबची लांबी आणि दाते हबच्या कडेपासून किती अंतरावर आहेत ते. हे शेवटचे माप सर्वांत जास्त विसरले जाते. ते ३-४ मि.मी.ने चुकले तरी साखळी तिरपी चालते आणि महिन्याभरात दात्यांच्या बाजू खाल्ल्या जातात.

मापे बरोबर आहेत का, हे पडताळण्याची रीत

चक्राच्या ज्या वर्तुळावर रोळांचे मध्य येतात त्यास पीच वर्तुळ म्हणतात. त्याचा व्यास काढण्यासाठी १८० अंशांना दातसंख्येने भागावे आणि येणाऱ्या कोनाच्या साइनने पीचला भागावे. हिशेब मोबाइलमधील गणकयंत्रावर करता येतो. १२ बी साखळीच्या १७ दात्यांच्या चक्राचे उदाहरण घेऊ. १८० ÷ १७ = १०.५९ अंश. त्याचा साइन ०.१८३८. म्हणून पीच वर्तुळाचा व्यास १९.०५ ÷ ०.१८३८ = सुमारे १०३.७ मि.मी. यातून रोळाचा व्यास १२.०७ वजा केला की खोबणीच्या तळाच्या वर्तुळाचा व्यास ९१.६ मि.मी. मिळतो.

दातसंख्या सम असेल तर समोरासमोरच्या दोन खोबण्यांतील अंतर व्हर्निअरने मोजल्यावर हाच आकडा यावा. विषम दात्यांत खोबणीसमोर दाता येतो, त्यामुळे जवळच्या दोन समोरील खोबण्यांत मोजलेले अंतर किंचित कमी भरते. वरील उदाहरणात ते ९१.२ मि.मी. येईल. कारागिराने दिलेले चक्र याप्रमाणे मोजून मगच पैसे द्यावेत. खोबणीचा तळ अर्धा मिलिमीटरने उथळ असला तर साखळी घट्ट होऊन आवाज करते. फार खोल असला तर साखळी सैल बसते व उडते.

तयार, अर्धतयार की घडवून?

यंत्र चालू बनावटीचे असेल आणि मूळ चक्र मिळत असेल तर तेच घ्यावे. ते न मिळाल्यास दुसरा मार्ग अर्धतयार चक्राचा आहे. प्रमाण पीच व दातसंख्येची चक्रे लहान भोक ठेवून तयार मिळतात. त्यास पायलट बोअरची चक्रे म्हणतात. त्यांचे दाते यंत्रावर कापलेले असतात. आपल्या लेथवाल्याने फक्त भोक शाफ्टप्रमाणे मोठे करायचे, चावीची खाच पाडायची आणि हब हवे तेवढे कमी करायचे. वेळ व पैसा या दोन्ही दृष्टींनी हा मार्ग चांगला आहे. दात्यांना आधीच पाणी दिलेले आहे का, हे दुकानदारास विचारून घ्यावे.

तिसरा मार्ग संपूर्ण चक्र घडवून घेण्याचा. हबचा आकार वेगळा असेल, दातसंख्या नेहमीची नसेल किंवा वेग बदलायचा असेल तेव्हाच तो निवडावा. मूळ हब चांगले असेल तर लेथवर जुने दाते उतरवून त्यावर नवी दातेरी कडी बोल्टने बसविता येते. पुढच्या वेळी फक्त कडी बदलावी लागते.

दातसंख्या बदलण्यापूर्वी

'१५ दात्यांचे नाही, १४ चे घेऊन जा' असा सल्ला दुकानात नेहमी मिळतो. एका दात्याने काय बिघडते ते पाहा.

टोकण यंत्राचे उदाहरण घेऊ. जमिनीवरील चाकाचा परीघ १५० सें.मी., चाकावरील चक्र १२ दाती, बियाण्याच्या तबकडीच्या शाफ्टवरील चक्र १८ दाती आणि तबकडीत १० खाचा आहेत. चाकाच्या एका फेऱ्यात तबकडी दोन तृतीयांश फिरते. म्हणजे ६.६७ दाणे पडतात आणि दोन दाण्यांत २२.५ सें.मी. अंतर राहते. चाकावर १२ ऐवजी १३ दाती चक्र बसविले तर हे अंतर २०.८ सें.मी. होते. ओळींतील अंतर ६० सें.मी. असल्यास हेक्टरी सुमारे ७४,००० ऐवजी ८०,२०० दाणे पडतील. बियाणे आठ टक्के जास्त गेले आणि पीक दाट झाले, तेही शेतकऱ्याच्या लक्षात न येता. म्हणून पेरणी यंत्राचे चक्र मूळ दातसंख्येचेच असावे.

चालक चक्र फार लहानही घेऊ नये. साखळी चक्रावर वर्तुळाकार न जाता बहुकोनी मार्गाने जाते, त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दात्याला कमी-जास्त होतो. ११ दाती चक्रावर हा फरक सुमारे ४ टक्के, १७ दातीवर १.७ टक्के आणि २५ दातीवर ०.८ टक्के असतो. हे झटके म्हणजेच आवाज, थरथर आणि झीज. जागा असेल तेथे वेगाने फिरणाऱ्या लहान चक्रास १७ किंवा अधिक दाते ठेवावेत. मंद शाफ्टवर १३ ते १५ चालतात. साखळीच्या कड्या बहुधा सम संख्येत असतात. म्हणून लहान चक्राचे दाते शक्यतो विषम ठेवावेत, म्हणजे तोच दाता वारंवार त्याच कडीशी येत नाही व झीज सारखी होते.

वेग कमी करण्यासाठी चक्र घडविताना

गुजरातमधील अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात बुलेट मोटारसायकलचे मागील चाक काढून तेथे दोन चाकांची जोडणी व अवजाराची दांडी बसविली. 'बुलेट सांती' या नावाने ते यंत्र ओळखले जाते. त्या धर्तीची कोळपणी यंत्रे अनेक ठिकाणी गावातच बनविली जातात. त्यांत सर्वांत वारंवार तुटणारा भाग म्हणजे चाकाकडील साखळी. याचे कारण हिशेबात आहे.

समजा, गिअरबॉक्सचा शाफ्ट पहिल्या गिअरमध्ये मिनिटाला ४५० फेरे घेतो. चाकाचा व्यास ६० सें.मी., म्हणजे परीघ १.८८ मीटर आहे. १५ व ४५ दात्यांची जोडी लावली तर चाक मिनिटाला १५० फेरे घेईल आणि यंत्र ताशी सुमारे १७ कि.मी. वेगाने धावेल. कोळपणीसाठी ताशी ३ ते ४ कि.मी. वेग हवा. त्यासाठी फेरे सुमारे १५ पटींनी कमी करावे लागतात. एका जोडीत हे साधत नाही, दोन टप्पे करावे लागतात. पहिल्या टप्प्यात ४५० चे १५० आणि दुसऱ्यात १३ व ६५ दाती जोडीने १५० चे ३० फेरे होतात. वेग बरोबर आला, परंतु ओढीचे काय?

साखळीची ओढ काढण्याचे सोपे सूत्र असे : दाते, पीच (मि.मी.) व मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून १,००० ने भागावे. हा साखळीचा मिनिटाचा वेग मीटरमध्ये आला. अश्वशक्तीला ४,५०० ने गुणून या वेगाने भागावे. ओढ किलोमध्ये मिळते.

५ अश्वशक्ती पूर्ण पोहोचते असे धरू. पहिल्या टप्प्यात १० बी साखळीचा वेग १५ × १५.८७५ × ४५० ÷ १,००० = १०७ मीटर आणि ओढ सुमारे २१० किलो येते. ही साखळी किमान सुमारे २,२६० किलोला तुटते. म्हणजे दहा पटींहून अधिक सुरक्षितता आहे. दुसऱ्या टप्प्यात तीच साखळी लावली तर वेग केवळ ३१ मीटर आणि ओढ सुमारे ७२५ किलो होते. सुरक्षितता फक्त तिप्पट राहिली. दगड किंवा मुळी लागताच येणारा झटका ती सोसत नाही. शाफ्ट जितका मंद तितकी ओढ जास्त, हे ध्यानात ठेवावे. नेहमीची ओढ साखळीच्या तुटण्याच्या बळाच्या आठव्या भागापेक्षा जास्त नसावी.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात १६ बी साखळी घ्यावी. तिचे तुटण्याचे बळ सुमारे ६,१०० किलो आहे. परंतु या पीचवर ६५ दाती चक्राचा व्यास ५२ सें.मी.हून अधिक होतो आणि ६० सें.मी. व्यासाच्या चाकाशेजारी ते जवळजवळ मातीतच फिरेल. यावर उपाय म्हणजे पहिल्या टप्प्यात जास्त घट करणे. तेथे १५ व ६० दाती जोडी घेतली तर मधला शाफ्ट ११२.५ फेरे घेतो. दुसऱ्या टप्प्यात १६ बीची १३ व ४९ दाती जोडी लावावी. चाक सुमारे ३० फेरे घेते आणि वेग ताशी ३.४ कि.मी. येतो. ओढ सुमारे ६०५ किलो, म्हणजे सुरक्षितता दहा पट. मोठ्या चक्राचा बाहेरील व्यास ४१ सें.मी. भरतो आणि त्याच्या खाली सुमारे ९ सें.मी. मोकळी जागा राहते. आपल्या यंत्राचे आकडे घालून असाच हिशेब करावा, मगच धातू कापावा.

नोंदणी झालेल्या मोटारसायकलमध्ये मनाने बदल करून ती रस्त्यावर चालविण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार बंदी आहे, हेही लक्षात असू द्यावे.

चक्र घडवून घेताना

धातू : साध्या लोखंडी प्लेटचे (माइल्ड स्टीलचे) चक्र स्वस्त पडते, परंतु त्यास पाणी चढत नाही आणि मातीत ते लवकर झिजते. चक्रासाठी सी ४५ किंवा ईएन ८ हे मध्यम कार्बनचे पोलाद घ्यावे. दुकानातील भंगारातून निवडलेला अनोळखी तुकडा वापरू नये. लहान चक्राचे दाते मोठ्यापेक्षा अधिक वेळा साखळीशी येतात, म्हणून निदान त्याला तरी हेच पोलाद व पाणी असावे.

दाते कापणे : हॉबिंग मशीनवर किंवा मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून कापलेले दाते उत्तम. कोल्हापूरजवळील शिरोली व गोकुळ शिरगाव, सांगलीजवळील कुपवाड, नाशिकचे सातपूर व अंबड अशा औद्योगिक वसाहतींत चौकशी करावी. अलीकडे संगणकावर आकृती काढून लेसरने प्लेट कापून देतात. तेही चालते, मात्र कडा घासून दात्यांच्या दोन्ही बाजूंना उतार काढून घ्यावा, म्हणजे साखळी सहज आत शिरते. गॅस कटरने हाताने कापून ग्राइंडरने घासलेले दाते सारख्या अंतरावर येत नाहीत. असे चक्र फक्त हंगाम निभावण्यापुरते समजावे.

वेल्डिंग : हब व दातेरी प्लेट जोडायची असल्यास आधी वेल्डिंग, नंतर भोक व दाते, आणि शेवटी दात्यांना पाणी असा क्रम ठेवावा. उलट केल्यास वेल्डिंगच्या उष्णतेने चक्र वाकते आणि दात्यांचे पाणी उतरते. मध्यम कार्बन पोलाद थंड असताना वेल्डिंग केले तर सांध्याशेजारी तडे जातात. म्हणून ते १५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, कोरड्या ठेवलेल्या लो हायड्रोजन रॉडने वेल्डिंग करावे आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ द्यावे.

पाणी देणे : फक्त दात्यांना पाणी द्यावे. हब व मधला भाग चिवटच राहिला पाहिजे. इंडक्शन पद्धत मिळाल्यास चांगली. पाणी दिल्यानंतर सुमारे २०० अंशांवर तासभर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढावा. तो न काढल्यास पहिल्याच झटक्याला दाता काचेसारखा तुटतो. दात्यांचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर ४५ ते ५० असावा. मोजण्याची सोय नसल्यास नवी कानस दात्याच्या कडेवर चालवून पाहावी. ती निसटत गेली तर पाणी चढले आहे. सहज चावली तर चढलेले नाही.

भोक : चक्र शाफ्टवर हाताने दाबून किंवा हलक्या ठोक्याने बसावे, डुगडुगू नये. सैल भोकात पत्र्याची पट्टी घालून बसविलेले चक्र शाफ्टही खराब करते.

बसविणे व निगा

दोन्ही चक्रांच्या बाजूंना सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी लावून ती एका रेषेत असल्याची खात्री करावी. चक्र फिरवून पाहिल्यावर त्याचे डुलणे अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावे. साखळीला ताण मोजका द्यावा. आडव्या साखळीचा मध्यभागी झोळ दोन चक्रांतील अंतराच्या सुमारे २ टक्के ठेवावा, म्हणजे ६० सें.मी. अंतरास १२ मि.मी. उभ्या साखळीस त्याच्या निम्मा पुरे. घट्ट साखळी बेअरिंग खाते. लहान चक्राला साखळीचा वेढा किमान १२० अंशांचा असावा. कमी पडत असल्यास सैल बाजूस टेकू चक्र लावावे.

जोडकडीच्या क्लिपचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेला ठेवावे. लांबी जुळविण्यासाठी अर्धी कडी घालणे टाळावे. ती साखळीतील कमकुवत जागा असते. हबमध्ये तुटण्यासाठी ठेवलेली पिन असल्यास तिच्या जागी मजबूत बोल्ट घालू नये. पिन तुटते म्हणूनच दाते वाचतात.

वंगणासाठी आपल्या हवामानात एसएई ३० आणि कडक उन्हाळ्यात एसएई ४० तेल योग्य आहे. जाड ग्रीस बाहेर चिकटून माती धरते, पण पिनेपर्यंत पोहोचत नाही. काम संपल्यावर साखळी कोमट असताना आतील बाजूने तेल सोडून वरचे पुसून काढावे. रोटाव्हेटरच्या बंद पेटीतील साखळीसाठी तेलाची पातळी पाहावी आणि ओठाचे सील गळत असल्यास वेळीच बदलावे. हंगाम संपल्यावर साखळी रॉकेलमध्ये धुऊन, तेलात बुडवून, कापडात गुंडाळून ठेवावी. रबरी रिंग असलेली साखळी पेट्रोलने धुऊ नये.

रबरी पट्ट्यांच्या यंत्रांबाबत

भाताच्या ओल्या खाचरात चालणाऱ्या कापणी यंत्रांना चाकांऐवजी रबरी पट्टे असतात. त्यांचे चालक चक्र साखळीत न अडकता पट्ट्यातील पोलादी गाभ्यांत अडकते. येथेही नियम तोच. पट्ट्याचा पीच वेगळा असेल किंवा दाते झिजले असतील तर पट्टा उडतो व त्यातील गाभे उपटले जातात. दाते एका बाजूनेच झिजले असतील आणि चक्राची रचना दोन्ही बाजूंस सारखी असेल तर डावे व उजवे चक्र अदलाबदल करून दात्यांची न झिजलेली बाजू वापरता येते. हे चक्र मात्र गावात घडविण्याच्या भानगडीत न पडता पट्ट्याच्या क्रमांकानुसार तयारच घ्यावे.

शेवटी महत्त्वाचे

नवीन चक्र बसविल्यावर साखळीवरील पत्र्याचे आवरण पुन्हा लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर बोल्ट व झोळ पुन्हा तपासावा. धोतर, साडीचा पदर, ओढणी किंवा सैल बाही साखळीजवळ येणार नाही याची दक्षता घ्यावी आणि लहान मुलांना यंत्रापासून दूर ठेवावे.

प्रत्येक यंत्रासाठी एका वहीत साखळीचा प्रकार, दोन्ही चक्रांची दातसंख्या, शाफ्ट, चावी व हबची मापे आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवावी. ही मापे चक्र नवे असतानाच घ्यावीत, कारण झिजल्यानंतर ती कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. खरीप व रबी हंगामापूर्वी महिनाभर आधी तपासणी केली तर चक्र घडवून घेण्यास पुरेसा अवधी मिळतो. वाफसा आला त्या दिवशी यंत्र शेतात उभे असेल, गॅरेजमध्ये नाही.